डिझेल ट्रक उतारावर अचानक बंद पडतो, फ्यूज मात्र शाबूत : शॉर्ट शोधायचा कसा?

चाकबंद
मंडळी, मदत हवी आहे. सहा सिलिंडरचं कॉमन रेल इंजिन, २४ व्होल्टचा ट्रक, पुढे उलटणारी केबिन. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की अधूनमधून इंजिन एकदम बंद होतं, कुणी चावी फिरवावी तसं. आधी अडखळत नाही, धूर टाकत नाही. डॅशबोर्डचे दिवे चालू राहतात, चेक इंजिनचा दिवा लागतो. चावी बंद करून पुन्हा सेल्फ मारला की बहुतेक वेळा लगेच चालू होतं. सपाट रस्त्यावर तासन्‌तास काही होत नाही. डिझेल फिल्टर नवा आहे, पाइप कुठे हवा ओढत नाही. सगळे फ्यूज काढून पाहिले, एकही उडालेला नाही. फ्यूज शाबूत म्हणजे शॉर्ट नाही, पंप उतरवा, असा सल्ला मिळतोय. पंपाला हात लावण्याआधी इथे विचारतो.

ओहमचा_नियम
पंप राहू द्या जागेवर. "फ्यूज शाबूत म्हणजे शॉर्ट नाही" हे वाक्य फक्त जाड तारांना लागू पडतं, म्हणजे बॅटरीकडून फ्यूजमधून थेट येणाऱ्या तारांना. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) सेन्सरांना जो ५ व्होल्टचा पुरवठा देतो तो ईसीयूच्या आतच तयार होतो आणि त्याचा करंट आतच मर्यादित केलेला असतो. ती तार चेसिसला टेकली तर ५ चे शून्य होतात, ईसीयू स्वतःला वाचवतो आणि बाहेरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. तार सुटली की ५ व्होल्ट परत. म्हणूनच पुन्हा सेल्फ मारल्यावर गाडी चालू होते.

फ्यूज शाबूत राहण्याची आणखी दोन कारणं आहेत. काही गाड्यांत फ्यूजच्या जागी आपोआप जोडला जाणारा ब्रेकर असतो. तो तापून तुटतो, थंड होऊन पुन्हा जुळतो आणि मागे खूण ठेवत नाही. दुसरं, तार क्षणभरच टेकली तर फ्यूजची पट्टी वितळायला पुरेसा वेळ मिळत नाही. ब्लेड फ्यूज त्याच्या आकड्याच्या दुप्पट करंटवरसुद्धा काही सेकंद तग धरू शकतो.

आता चार गोष्टी बघून सांगा :
१. बंद पडताना आरपीएमचा काटा धाडकन शून्यावर येतो, की इंजिनाबरोबर हळूहळू उतरतो?
२. त्या क्षणी घड्याळ, रेडिओ, हेडलाइट यातलं काही फडफडतं का?
३. स्कॅनरवर कोणते कोड आहेत? सगळे, जुने साठलेलेसुद्धा.
४. बंद पडल्यावर चावी चालूच ठेवली तर चेक इंजिनचा दिवा तसाच राहतो की विझून पुन्हा लागतो?

पाना१९
पहिल्या प्रश्नाचं महत्त्व कळावं म्हणून थोडं जास्त. गाडी गिअरमध्ये आहे, चाकं इंजिनाला फिरवताहेत आणि तरी काटा शून्यावर पडला, तर क्रँक सेन्सर (इंजिनाचे फेरे मोजणारा) किंवा त्याची तार. काटा आरपीएम दाखवतोय पण इंजिन ओढत नाही, तर क्रँक सेन्सर निर्दोष, इंधन दुसऱ्या कशामुळे तोडलं गेलंय. काट्यासकट अख्खा डॅशबोर्ड मेला, तर चावीची लाइन, मेन रिले किंवा बॅटरीची अर्थ (चेसिसला जोडलेली निगेटिव्ह) तार.

हवा किंवा डिझेलची टंचाई असेल तर इंजिन आधी कुरकुरतं. आरपीएम वरखाली होतो, ताकद जाते, मग बसतं. चाकबंद यांनी लिहिलेलं लक्षण त्यातलं नाही.

चाकबंद
काटा हळूहळू उतरतो, धाडकन नाही. दिवे, घड्याळ काही फडफडत नाही. चेक इंजिनचा दिवा सलग लागून राहतो. स्कॅनरवर हे मिळालं (एसपीएन म्हणजे भागाचा क्रमांक, एफएमआय म्हणजे बिघाडाचा प्रकार) :
एसपीएन ३५०९ एफएमआय ४
एसपीएन १५७ एफएमआय ४
एसपीएन १०० एफएमआय ४
एसपीएन १०२ एफएमआय ४
चारही कोड एकाच इंजिन-तासावर नोंदलेले आहेत. शीतकाच्या तापमानाचा कोड नाही.

ओहमचा_नियम
कोडांनीच अर्धं काम केलंय. ३५०९ म्हणजे सेन्सर पुरवठा क्रमांक १. १५७ रेल प्रेशर (इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या नळीतला दाब), १०० ऑइल प्रेशर, १०२ इनटेक मॅनिफोल्डचा दाब. एफएमआय ४ म्हणजे व्होल्टेज नेहमीपेक्षा कमी, अर्थला शॉर्ट. तीन निरनिराळे सेन्सर एकाच क्षणी मरत नाहीत. तिघांना पाजणारा नळ एकच आहे आणि तो तुटतोय.

तापमानाचा कोड नसणं हाही पुरावाच. तो सेन्सर दोन तारांचा. त्याला पुरवठ्याची वेगळी तार लागत नाही, ईसीयू सिग्नलच्या तारेवरूनच आतल्या रोधामार्फत व्होल्टेज देतो. त्यामुळे ५ व्होल्टची लाइन पडली तरी तो जिवंत राहतो. तापमानाचा कोडही सोबत असता तर सेन्सरांच्या सामाईक अर्थकडे आधी पाहावं लागलं असतं.

इंजिन बंद का होतं? रेल प्रेशर सेन्सरचा सिग्नल इंजिन बंद असताना, म्हणजे दाब शून्य असतानाही, साधारण ०.५ व्होल्ट असतो आणि पूर्ण दाबाला ४.५ च्या आसपास. तो थेट शून्यावर आला म्हणजे सेन्सर आंधळा झाला हे ईसीयूला कळतं. काही ईसीयू ठरावीक दाब धरून कशीबशी गाडी चालवतात, काही इंजेक्शन बंद करतात. तुमचा दुसऱ्या जातीचा दिसतो.

नवशिका_वायरमन
मग रेल प्रेशर सेन्सर बदलला की काम झालं ना?

ओहमचा_नियम
सेन्सरही आतून शॉर्ट होऊ शकतो, पण तो उतार ओळखत नाही. तापल्यावर होतो, पाणी गेलं की होतो. इथे प्रत्येक वेळी पाय काढल्यावरच होतंय. लूमकर कुठे आहेत?

लूमकर
आहे, वाचतोय. उतार ही इथे सगळ्यात मोलाची माहिती आहे.

इंजिन ओढत असतं तेव्हा आपल्या रबरी माउंटिंगवर एका बाजूला कलतं. पाय काढला, गाडीच इंजिनाला ढकलायला लागली, की टॉर्क उलटा होतो आणि इंजिन दुसऱ्या बाजूला कलतं. एक्झॉस्ट ब्रेक लावला तर आणखी. इंजिनावरची लूम (तारांचा गठ्ठा) इंजिनाबरोबर हलते, चेसिसला किंवा केबिनला बांधलेली हलत नाही. दोघांच्या मधल्या पट्ट्यात तार ताणली जाते किंवा घासते. "पाय काढल्यावर बंद" याचा अर्थ दोष बहुधा त्याच पट्ट्यात. माउंटिंगचं रबर बसलं असेल तर हालचाल आणखी वाढते, तेही बघून घ्या.

केबिन उलटून, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून, चाकांना अडण लावून, केबिनचा आधार नीट अडकवून मगच आत हात घाला. बघायच्या जागा, ज्या क्रमाने मी बघेन त्या :

इंजिनाच्या मागच्या टोकाला, फ्लायव्हील हाउसिंगवरची ब्रॅकेट. लूम तिच्या कडेवरून वळते आणि क्लिप तुटली की थेट पत्र्याच्या धारेवर बसते. सगळ्यात जास्त तारा इथेच सोलतात.
ईजीआर पाइप (धूर इंजिनात परत नेणारा) आणि टर्बो यांच्या जवळून जाणारा भाग. इथे घासत नाही, भाजतं. लूमवरचा कोरुगेटेड (वळ्यावळ्यांचा प्लास्टिक) पाइप कडक होऊन बोटाने मोडला, तर आतलं इन्सुलेशनही गेलं समजा.
केबिनच्या बिजागरीपाशी वळणारा जाड गठ्ठा.
स्टार्टरच्या वर. केबल बदलताना इथली लूम बाजूला ओढतात आणि पुन्हा बांधत नाहीत.
नंतर बसवलेलं सगळं : ट्रॅकर, चोरीरोधक स्विच, जादा हॉर्न, जादा दिवे. कुठली तार कुठे टोचून जोडलीय ते बघा.

लूम पाइपवरून बघून "ठीक दिसते" म्हणू नका. कोरुगेटेड पाइपच्या आत माती आणि वाळू साचते आणि ती कानशीसारखं काम करते. बाहेरून पाइप नवाकोरा, आत तार उघडी. चीर उघडून, पुसून, उलटी करून बघायची.

पाना१९
यात एक भर. ऑइल प्रेशर सेन्सरचं सील गेलं तर तेल तारेच्या आतून केशाकर्षणाने चढत जातं, अगदी ईसीयूच्या कपलरपर्यंत (तारा जोडणाऱ्या प्लगपर्यंत). कपलर उघडल्यावर आत तेल दिसलं तर ते बाहेरून आलेलं नाही, तारेतून आलंय. नुसतं पुसून चालत नाही, आधी सेन्सर बदलायचा.

ओहमचा_नियम
आता ५ व्होल्टची तपासणी. क्रम चुकवू नका, नाहीतर चांगला सेन्सर फेकला जातो.

चावी चालू, इंजिन बंद. कुठल्याही तीन तारांच्या सेन्सरच्या कपलरला मागून बारीक पिन सरकवून पुरवठा आणि सेन्सर अर्थ यांच्यात व्होल्टेज मोजा. ४.७५ ते ५.२५ असावं. तार टोचून मोजू नका. टोचलेल्या भोकातून पाणी शिरतं आणि काही महिन्यांनी तिथेच तांबं हिरवं होऊन तुटतं.

मीटर तिथेच राहू द्या आणि दुसऱ्याला लूम हलवायला सांगा, हातभर हातभर करत, पुढून मागे. साधा मीटर सेकंदाला दोन-चारदाच आकडा बदलतो, बारीक झटका त्याला दिसत नाही. मिन-मॅक्स (सगळ्यात कमी आणि जास्त आकडा धरून ठेवणारी सोय) असेल तर ते लावा. ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम, एका चौकटीला १०० मिलीसेकंद ठेवा.

व्होल्टेज पडलेल्या अवस्थेत सापडलं की त्या पुरवठ्यावरचे सेन्सर एकेक करून सोडवा. जो सोडवल्यावर ५ व्होल्ट परत येतात तो सेन्सर किंवा त्याची फांदी दोषी. सगळे सोडवले तरी ५ परत येत नसतील तर दोष तारेत किंवा ईसीयूत. सोडवाल तसे जोडू नका, सगळे सुटेच ठेवत पुढे जा. दोन सेन्सर बिघडलेले असतील तर एक-एक करून परत जोडणारा माणूस दिवसभर फिरत राहतो.

आणि महत्त्वाचं : ५ व्होल्टच्या किंवा सिग्नलच्या कुठल्याही तारेला टेस्ट लॅम्प लावायचा नाही. २१ वॅटचा बल्ब २४ व्होल्टवर जवळपास ०.९ अँपिअर ओढतो. सेन्सरची लाइन त्यासाठी बनलेलीच नाही.

गिअरपाटी
धाग्यात घुसतोय, विषय जवळचाच आहे. जुना ट्रक, १२ व्होल्ट, यांत्रिक पंप, ईसीयू वगैरे काही नाही. गाडी मागे घेताना इंजिन बंद पडतं आणि १० अँपिअरचा लाल फ्यूज उडालेला सापडतो. फ्यूज घातला की पुढे कितीही चालवा. पंपाचा आणि रिव्हर्सचा काय संबंध?

नवशिका_वायरमन
त्या जागी २० चा फ्यूज घालून बघा, १० कमी पडत असेल.

ओहमचा_नियम
नका घालू. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो, दिव्याला किंवा सॉलेनॉइडला (करंटवर दांडी ओढणाऱ्या चुंबकाला) नाही. १० च्या जागी २० घातला की फ्यूजऐवजी तार वितळते, आणि वितळताना शेजारच्या चार तारांना चिकटते. मग एका शॉर्टचे पाच होतात.

उडालेला फ्यूज फेकण्याआधी उजेडात धरून बघा. पट्टी मधोमध शांतपणे वितळून तुटलेली आणि प्लास्टिक स्वच्छ, तर जादा भार होता, हळूहळू तापला. आत काळा धूर आणि धातूचे शिंतोडे, तर थेट शॉर्ट. पहिल्या प्रकारात मोटर, सॉलेनॉइड बघायचं, दुसऱ्यात तार.

पाना१९
गिअरपाटी, संबंध फ्यूजचा आहे. यांत्रिक पंपावर बहुतेक ठिकाणी स्टॉप सॉलेनॉइड असतो. त्याला करंट मिळतोय तोवर डिझेल सुरू, करंट गेला की पंप डिझेल तोडतो. तुमच्या गाडीत चावीनंतरच्या एकाच फ्यूजवर स्टॉप सॉलेनॉइड आणि रिव्हर्सचा दिवा दोन्ही आहेत असं दिसतं. रिव्हर्स टाकला, दिव्याच्या तारेतला शॉर्ट जिवंत झाला, फ्यूज उडाला, सॉलेनॉइड सुटला, इंजिन बसलं.

यातून जागाही कळते. गिअरबॉक्सवरच्या रिव्हर्स स्विचला दोन तारा. फ्यूजकडून येणारी तार चावी चालू असेपर्यंत जिवंत असते. ती टेकली असती तर फ्यूज कधीही उडाला असता. रिव्हर्समध्येच उडतो म्हणजे दोष स्विचच्या पुढे, मागच्या दिव्यांकडे जाणाऱ्या तारेत. गिअरबॉक्सपासून शेपटीपर्यंत. चावीच्या स्विचपासून फ्यूजपर्यंत आणि पंपाकडे काही शोधायची गरज नाही.

शोधायची पद्धत : फ्यूज काढा आणि त्या खाचेत फ्यूजऐवजी १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब जोडा, दोन टोकांना दोन पट्ट्या लावून. स्टॉप सॉलेनॉइडची तार सोडा, मागचे रिव्हर्सचे बल्ब आणि बझर काढून ठेवा. हे विसरलात तर त्या बल्बांमधूनच करंट जाईल आणि शॉर्ट नसतानाही टेस्ट बल्ब मंद पेटेल. आता चावी चालू, इंजिन बंद, रिव्हर्स टाका. टेस्ट बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर शॉर्ट जिवंत आहे. बल्बमुळे करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून निवांत शोधता येतं, तार जळत नाही आणि फ्यूजचा डबा संपत नाही.

मग मागे जात एकेक कपलर सोडा. चेसिसच्या मधला सोडला आणि बल्ब विझला, तर दोष त्याच्या मागे. विझला नाही तर पुढे. अर्ध्यातून अर्धं करत गेलात तर चार-पाच कपलरांत जागा हातात येते.

रिलेशाही
एक आडवळण, पण यात भले भले फसतात. रिले बदलल्यावर लगेच फ्यूज उडायला लागला तर रिलेच्या आतला डायोड बघा. काही रिलेत कॉइलला समांतर डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) असतो आणि त्यात ८५, ८६ पिनांना ठरलेली दिशा असते. साध्या रिलेच्या जागी असा रिले बसवला आणि तिथे दिशा उलटी असेल, तर चावी चालू करताच डायोडमधून थेट शॉर्ट. तार निर्दोष, स्विच निर्दोष, सगळे लूम फाडत बसतात. रिलेच्या अंगावर चिन्ह काढलेलं असतं, बसवण्याआधी वाचा. २४ व्होल्टच्या गाडीत १२ चा रिले बसवणं हा दुसरा प्रकार. तो काही काळ चालतो आणि कॉइल भाजून मरतो.

पाना१९
आणि स्टॉप सॉलेनॉइडच्या बाबतीतही दोन जाती आहेत, हे राहिलंच. काही गाड्यांत उलटं असतं, करंट दिला की इंजिन बंद होतं. तिथे अर्थचा शॉर्ट इंजिन थांबवत नाही, उलट बॅटरीच्या प्लसला टेकलेली तार थांबवते. त्यामुळे फ्यूजकडे बघण्याआधी सॉलेनॉइड कुठल्या जातीचा ते ठरवा : चावी चालू, इंजिन बंद, सॉलेनॉइडची तार काढा-लावा. "टक" आवाज आला तर चालू चावीवर त्याला करंट मिळतोय, म्हणजे करंटवर चालणारा.

दांडी ओढणाऱ्या मोठ्या सॉलेनॉइडात दोन कॉइल असतात. ओढणारी कॉइल काही दहा अँपिअर घेते, धरून ठेवणारी अँपिअरभर. दांडी पूर्ण आत गेली नाही, मळ किंवा वाकलेला लिव्हर आड आला, की ओढणारी कॉइल बंद होत नाही. मग फ्यूज उडतो किंवा कॉइल जळते. दोष लिव्हरचा, खापर वायरिंगवर.

चाकबंद
आकडे घेऊन आलोय. रेल प्रेशर सेन्सरच्या कपलरवर ५.०२ व्होल्ट, स्थिर. लूम पुढून हलवली, काही नाही. मागे फ्लायव्हील हाउसिंगपाशी इंजिन आणि चेसिसच्या मधली लूम वर उचलली की ०.२ व्होल्ट होतं, सोडली की ५.०२. वर धरून ठेवून रेल, ऑइल, इनटेक, तिन्ही सेन्सर सोडले. आकडा ०.२ च. म्हणजे ईसीयू गेला का?

ओहमचा_नियम
लूम उचलल्यावर ईसीयू जात नाही. पण खात्री करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

चावी बंद. गाडीत (धूर स्वच्छ करणाऱ्या) युरियाची टाकी असेल तर तिचा पंप लाइन उपसून थांबेपर्यंत थांबा, मगच बॅटरीचा निगेटिव्ह काढा. ईसीयूचा इंजिन बाजूचा कपलर सोडा. तिन्ही सेन्सर सुटेच. आता कपलरच्या लूम बाजूवर ५ व्होल्टच्या पिनेपासून इंजिन ब्लॉकपर्यंत रोध मोजा. पिन क्रमांक त्याच गाडीच्या वायरिंग आकृतीतूनच घ्या, अंदाजाने नाही. मीटरने "ओएल" (मोजता न येण्याइतका मोठा रोध, म्हणजे जोड नाही) दाखवलं पाहिजे. लूम उचलल्यावर काही ओहमवर आला तर दोष तारेतच, ईसीयू सुटला.

सेन्सर जोडलेले ठेवून ही मोजणी करू नका. सेन्सरांच्या आतल्या सर्किटमुळे काही हजार ओहम दिसतात आणि लोक त्यालाच शॉर्ट म्हणतात.

कपलरच्या मादी पिनेत मीटरची जाड टोकं खुपसू नका. पिन रुंदावते, पकड सैल होते, आणि शॉर्ट काढता काढता लूज कॉन्टॅक्ट तयार होतो. त्याच मापाची नर पिन तारेला लावून घ्या.

लूमकर
पिनेपासून ब्लॉक आणि पिनेपासून शेजारच्या पिना, दोन्ही मोजा. कधी तार ब्लॉकला टेकत नाही, दोन तारा एकमेकींत वितळलेल्या असतात. ५ व्होल्ट आणि सेन्सर अर्थ एकमेकांना लागले तरी लक्षण तंतोतंत हेच.

चाकबंद
लूम खाली असताना ओएल, उचलल्यावर ब्लॉकपर्यंत ०.८ ओहम. लूम उघडली. हाउसिंगवरच्या ब्रॅकेटची क्लिप तुटलेली, कोरुगेटेड पाइपला खालून खाच, आत तीन तारा सोललेल्या : ५ व्होल्टची, रेल प्रेशरच्या सिग्नलची आणि कॅनच्या (ईसीयूंमधले संदेश नेणाऱ्या) पिळलेल्या जोडीतली एक. ५ व्होल्टच्या तारेचे अर्धे पदर तुटलेत. आता जोडायचं कसं? सोल्डर करू का?

लूमकर
नको. सोल्डर तारेत वर चढतं, तेवढा भाग कांडीसारखा कडक होतो आणि जिथे कडकपणा संपतो तिथे कंपनांनी तार तुटते. इंजिन आणि चेसिसच्या मधल्या पट्ट्यात तर नक्कीच.

खराब भाग पूर्ण कापा. दोन्ही टोकांचं तांबं चकचकीत दिसेपर्यंत मागे या. काळं किंवा हिरवं तांबं क्रिंपमध्ये घालायचं नाही. त्याच जाडीची ऑटोमोटिव्ह तार घ्या, सेन्सरना बहुधा ०.७५ किंवा १ चौरस मिमी लागते. घरगुती वायरिंगची तार चालत नाही, तिचं इन्सुलेशन इंजिनाच्या उष्णतेत टिकत नाही. बट क्रिंप योग्य मापाचं, दातेरी पकडीने दाबा, चिमट्याने नाही. दाबल्यावर ओढून बघा. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, गोंद दोन्ही टोकांनी बाहेर दिसेपर्यंत तापवा.

तिन्ही तारांचे जोड एकाच रेषेत येऊ देऊ नका, ३०–४० मिमी पुढेमागे ठेवा. नाहीतर लूमला गाठ येते आणि तीच पुन्हा घासते.

कॅनच्या तारेला पीळ परत द्या, ३०–४० मिमीला एक या हिशेबाने. जोडासाठी पीळ जितका कमी उघडाल तितकं बरं.

वरून काळी चकचकीत पीव्हीसी टेप गुंडाळू नका, उष्णतेत तिचा गोंद वितळून चिखल होतो. कापडी हार्नेस टेप, त्यावर नवा कोरुगेटेड पाइप. ब्रॅकेटची धार कानशीने मारून गोल करा, रबरी अस्तराची पी-क्लिप लावा. पहिली क्लिप इंजिनावर, पुढची चेसिसवर, मध्ये थोडा झोल. ताणून बांधलेली लूम आणि लोंबणारी लूम, दोन्ही पुन्हा सोलतात. ब्रेकच्या नळीला किंवा डिझेल पाइपला बांधायची नाही.

नवशिका_वायरमन
कॅनची तार सोललेली होती तर तिचा कोड का नाही आला?

ओहमचा_नियम
सोलली होती, टेकली नसेल. तसंही जोडल्यावर तपासून घ्या : बॅटरी काढलेली, कॅन हाय आणि कॅन लो यांच्यात ६० ओहम. दोन टोकांना १२०-१२० चे रोध समांतर असतात म्हणून ६०. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना लागल्यात. बॅटरी जोडून, चावी चालू केल्यावर चेसिसपासून हाय अडीचच्या थोडा वर, लो अडीचच्या थोडा खाली, दोन्हींची बेरीज साधारण ५.

गिअरपाटी
बल्बची पद्धत केली. रिव्हर्समध्ये टेस्ट बल्ब पूर्ण तेजाने पेटतो. गिअरबॉक्सजवळचा कपलर सोडल्यावर विझतो, चेसिसच्या मधला सोडल्यावरही विझतो, अगदी मागचा, शेपटीच्या दिव्यांकडचा सोडल्यावर मात्र पेटलेलाच राहतो.

पाना१९
म्हणजे मधल्या कपलरपासून मागच्या कपलरपर्यंतची तार. त्या टप्प्यात चेसिसच्या आडव्या पट्ट्यांतली भोकं बघा, रबरी ग्रोमेट निघालेलं सापडेल. आणि बॉडी बांधताना यू-बोल्टखाली लूम चिरडली गेलीय का तेही. बल्ब पेटलेला ठेवून तार हलवत जा. जिथे बल्ब फडफडेल तिथे थांबा.

चाकबंद
जोड झाले. पिनेपासून ब्लॉकपर्यंत लूम कशीही हलवली तरी ओएल, कॅनवर ६०.३ ओहम, रेल सेन्सरवर ५.०२ व्होल्ट. बंद इंजिनावर रेलचा सिग्नल ०.५१. माउंटिंगचं डावं रबर बसलेलं निघालं, तेही बदलतोय. कोड पुसू का आत्ताच?

ओहमचा_नियम
आधी लिहून ठेवा, मग पुसा. उतारावर मिन-मॅक्स लावलेला मीटर केबिनमध्ये घेऊन जा. तार इंजिनाच्या फिरत्या आणि तापत्या भागांपासून दूर बांधून आणा, मीटर शेजारी बसणाऱ्याने बघायचा, चालकाने नाही. एक्झॉस्ट ब्रेकसकट चार-पाचदा पाय काढून किमान आकडा ४.७५ च्या खाली गेला नाही, की मीटर काढा.

गिअरपाटी
मागून दुसऱ्या आडव्या पट्टीत सापडला. ग्रोमेट गायब, तार भोकाच्या धारेवर.